हेंटला हडळ म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: "टॅनानारिव्ह ड्यू यांची 'द रिफॉर्मेटरी' ही कादंबरी मराठीत आणायला घेतली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक छोटं गाव, १९५० साल, वंशभेद आणि भुतं. चाळीस पानं झाली आणि अडलो. मूळ पुस्तकात भुताला 'हेंट' म्हणतात, मराठीत काय म्हणायचं? काळ्या माणसांच्या तोंडी कुठली मराठी घालायची? शिव्यांचं काय करायचं? घरी वाचून दाखवलं तर म्हणाले, भुताची गोष्ट रंगली आहे, पण एवढा छळ खरंच झाला असेल का?"

चाळीस पानांवर अडलात ते बरं झालं. चारशेव्या पानावर अडला असतात तर मागचं सगळं उसवून पुन्हा शिवावं लागलं असतं, आणि ते मी एकदा केलेलं आहे. गेली सव्वीस वर्षं मी अमेरिकेच्या दक्षिणेकडचं लेखन मराठीत आणते आहे. बहुतेक कथा, दोन कादंबऱ्या. तुमचे प्रश्न चार दिसतात, पण मुळाशी एकच आहे: या गोष्टीत वाचकाला भीती कुणाची वाटायला हवी? ते पक्कं झालं की पुष्कळसे शब्द आपापल्या जागी बसायला लागतात. हक्कांचा पत्रव्यवहार मात्र आधी उरका. परवानगी हातात आल्याशिवाय मी नमुन्याच्या पानांपुढे जात नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्लोरिडातलं ग्रेसटाउन हे काल्पनिक गाव. बारा वर्षांचा काळा मुलगा रॉबर्ट. बहिणीशी लघळपणा करणाऱ्या बड्या गोऱ्या घरातल्या पोराला तो लाथ मारतो आणि न्यायाधीश त्याला सहा महिन्यांसाठी मुलांच्या सुधारगृहात धाडतो. रॉबर्टला मेलेली माणसं दिसतात. सुधारगृहात मेलेल्या मुलांचे आत्मे तिथेच फिरत असतात, आणि तिथल्या प्रमुखाला ते आत्मे नको आहेत. रॉबर्टची ही नजर वापरून त्याला ते पकडून संपवायचे आहेत.

इथे थांबा आणि मराठी वाचकाच्या सवयीचा विचार करा. आपल्या गोष्टींत भूत दिसलं की त्याचा 'बंदोबस्त' करायचा असतो. देवऋषी येतो, उतारा टाकतो, नारळ फिरवतो, झाड सोडायला लावतो, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. या कादंबरीत बंदोबस्त करू पाहणारा माणूसच खुनशी आहे. त्याच्या दृष्टीने ती भुतं म्हणजे पुरावा. मराठी वाचकाचा हात आपसूक मांत्रिकाकडे जातो, तो तिथून काढून घेणं हे तुमचं पहिलं काम.

दक्षिणेत भुताचा आणि सत्तेचा संबंध जुना आहे, आणि तो माहीत नसेल तर या कादंबरीची उलटी चाल कळत नाही. यादवी युद्ध १८६५ साली संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि टेनेसीतल्या पुलास्की या गावी कू क्लक्स क्लान ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना उभी राहिली. पांढरे झगे घालून रात्री घोड्यांवरून येणारे हे लोक आपण युद्धात मेलेल्या सैनिकांची भुतं आहोत असं भासवायचे. त्यांची एक ठरलेली युक्ती होती. मध्यरात्री एखाद्या काळ्या कुटुंबाच्या दाराशी यायचं आणि पाणी मागायचं. घरातला माणूस तांब्याभर पाणी आणायचा. तेवढ्याने भागायचं नाही, बादली मागायची. मग ती बादली तोंडाला लावून घटाघटा रिकामी करायची आणि म्हणायचं, शायलोच्या लढाईत मेलो तेव्हापासून आज पहिल्यांदा पाणी पितोय. झग्याच्या आत नळी असायची आणि पोटाशी बांधलेली पिशवी. पाणी सगळं पिशवीत.

ग्लॅडिस-मेरी फ्राय या लोकसाहित्याच्या अभ्यासक. गुलामगिरीच्या काळापासून मालक लोक भुताच्या भीतीचा असा वापर कसा करत आले, यावर त्यांचं पुस्तक १९७५ साली आलं. अशा रात्रींच्या ज्या हकिकती मागे राहिल्या आहेत त्या वाचताना मला एक गोष्ट फार लागली. पुष्कळ काळ्या लोकांना झग्याखाली कोण आहे हे नीट ठाऊक असायचं. आवाजावरून, बुटांवरून, घोड्यावरून ते शेजाऱ्याला ओळखायचे. तरी ते थरथर कापायचे, कारण बादली रिकामी झाल्यावर तो शेजारी काय करू शकतो हेही त्यांना ठाऊक होतं. भीती भुताची नव्हती, माणसाची होती. भुताचं सोंग फक्त वर होतं.

ड्यू यांनी आणि त्यांच्या पिढीतल्या काळ्या लेखकांनी हे सोंग हिसकावून घेतलं आणि भूत आपल्या बाजूला आणलं. आता मेलेली मुलं साक्षीला उभी राहतात. ज्या काळात काळ्या माणसाची साक्ष कोर्टात कवडीमोल होती आणि ज्युरीत सगळे गोरे बसत, त्या काळाच्या गोष्टीत मेलेल्याने स्वतः बोलायला येणं हा हौसेचा अलंकार नव्हे. म्हणून तुमच्या अनुवादात अंगावर काटा आला पाहिजे तो शेरीफची गाडी अंगणात थांबते तेव्हा. आत्मा दिसतो तेव्हा नुसती हवा गार झाली तरी पुरे. तुमची चाळीस पानं या एका कसोटीवर तपासा. भुताच्या प्रसंगात विशेषणांची गर्दी आणि शेरीफच्या प्रसंगात सपाट गद्य असं झालं असेल तर पारडं उलटं पडलं आहे.

आता शब्द. मुळात 'हेंट' असा शब्द आहे. इंग्रजीतल्या झपाटण्याच्या क्रियापदाचाच हा दक्षिणी उच्चार, काळ्या लोकांच्या बोलीत विशेष रुळलेला. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पडवीचं छत फिकट निळं रंगवतात, त्या रंगाचं नावच हेंटवरून पडलं आहे. आत्म्याला पाणी ओलांडता येत नाही, आणि निळं छत त्याला पाण्यासारखं दिसतं असा समज. कुठे अंगणातल्या झाडाच्या फांद्यांत निळ्या बाटल्या उलट्या खोचतात. रात्री आत्मा बाटलीत शिरतो आणि सकाळचं ऊन त्याला संपवतं.

मराठीत भुतांच्या नावांची रेलचेल आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस, खवीस, हडळ, लावसट, देवचार: यातलं प्रत्येक नाव मेलेल्याची जात, धर्म, लिंग आणि कुठला संस्कार राहून गेला ते सांगतं. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचं भूत झाडाखाली उभं आहे म्हटल्यावर मराठी हाताला 'मुंजा' सुचतो. पण मुंजा म्हणजे मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला ब्राह्मण मुलगा. हा एक शब्द लिहिलात की फ्लोरिडातल्या काळ्या पोराच्या गळ्यात तुम्ही जानवं घातलंत. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. माझ्या एका कथेत प्रकाशकाकडच्या संपादकांनी मला न विचारता सगळीकडे 'हेंट'च्या जागी 'हडळ' केलं आणि पुस्तक तसंच छापून आलं. त्या कथेतला हेंट म्हणजे जिवंत जाळलेला सुतार होता. तेव्हापासून प्रत्येक हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मी बदलायचे नाहीत अशा शब्दांची यादी जोडते. तुम्हीही जोडा.

माझा सल्ला: 'हेंट' तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातूनच अर्थ उलगडू द्या. आजी नातवाला सांगते आहे अशा जागी सहज उलगडतो. तळटीप नको. चार-पाच वेळा आला की वाचक तो स्वतःचा करून घेतो. आजूबाजूला मात्र मराठी मोकळेपणाने वापरा: झपाटणं, बाधा, 'बाहेरचं', जागा राखून असणं. 'बाहेरचं' हा शब्द मला विशेष आवडतो, कारण नाव न घेता बोलण्याची सावध रीत दोन्हीकडे आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या समजुतीसाठी. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा नातेवाईक कसे एकेक करून मेलेल्याची राहिलेली इच्छा आठवू लागतात, वचन देतात, हात जोडून उभे राहतात, ते आठवा. या मुलांची इच्छा त्याच जातीची आहे: आम्हाला शोधा, आमची नावं घ्या, घरच्यांना कळवा. अनुवादात कावळा आणू नका, पण मुलांचे संवाद लिहिताना तो दहावा दिवस मनात ठेवा. आवाज बरोबर लागतो.

आता घरच्यांचा प्रश्न, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. छळ खरा आहे का? काल्पनिक ग्रेसटाउनच्या मागे फ्लोरिडाच्या वायव्येचं मारियाना हे गाव आहे. तिथे १ जानेवारी १९०० रोजी सरकारने मुलांसाठी सुधारशाळा उघडली. नावं बदलत गेली. १९६७ मध्ये आर्थर डोझियर या जुन्या प्रमुखाचं नाव दिलं गेलं आणि आज ती त्याच नावाने ओळखली जाते. बंद झाली २०११ मध्ये. म्हणजे १९५० च्या गोष्टीत 'डोझियर' हे नाव येता कामा नये. प्रस्तावनेत लिहाल तेव्हाही हे सांभाळा. १९०३ च्या पाहणीतच मुलं पायात बेड्या घातलेली सापडली होती. शाळा बुडवली, सिगारेट ओढली, घरून पळाला, एवढ्यावर मुलं तिथे जायची. काळ्यांचा भाग वेगळा, गोऱ्यांचा वेगळा. आवारात 'व्हाइट हाउस' म्हणतात ती एक बुटकी पांढरी इमारत आहे. तिथे पालथं झोपवून चामड्याच्या जाड पट्ट्याने मारत, आणि किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून मोठा पंखा चालू ठेवत, असं तिथून वाचलेल्या माणसांनी म्हातारपणी सांगितलं. पंख्याचा आवाज सुरू झाला की रांगेत उभ्या मुलांना कळायचं.

शाळेचं कब्रस्तान काळ्यांच्या भागात होतं. तिथे लोखंडी नळ्यांचे ३१ पांढरे क्रूस रोवलेले होते, कुणावरही नाव नाही. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमर्ली यांनी २०१३ मध्ये उत्खनन सुरू केलं. ५५ कबरी निघाल्या. क्रूस आणि कबरी यांचा मेळ नव्हता. पुष्कळ मुलं कुंपणाबाहेर, झाडोऱ्यात, वाटेखाली पुरलेली होती. नोंदींवरून शाळेतले जवळजवळ शंभर मृत्यू हाती लागले, आणि त्यांत काळी मुलं गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. मातीतून बटणं निघाली, पट्ट्याची बक्कलं निघाली, शवपेटीचे खिळे निघाले. एका मुलाच्या खिशात दगडाची गोटी निघाली.

ड्यू यांचे चुलत आजोबा रॉबर्ट स्टीफन्स हे या शाळेत १९३७ साली वारले, पंधरा वर्षांचे असताना. म्हणजे लेखिकेच्या आईच्या वडिलांचे भाऊ. घरात या नावाचा उच्चारही होत नसे; उत्खननाच्या वेळी सरकारी कार्यालयातून विचारणा झाली तेव्हा लेखिकेला असे कुणी होते हे कळलं. लेखिकेची आई पॅट्रिशिया स्टीफन्स ड्यू नागरी हक्कांच्या चळवळीतल्या. १९६० साली टॅलाहासीत गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खानावळीच्या टेबलाशी बसल्या, दंड भरायला नकार दिला आणि ४९ दिवस तुरुंगात राहिल्या. त्याच वर्षी अश्रुधुराने डोळे अधू झाले, पुढे जन्मभर काळा चष्मा लागला. अशा बाईच्या माहेरचा एक मुलगा त्या शाळेत मेला होता आणि तेही कुणी बोलत नव्हतं. कादंबरीत लेखिकेने मुलाचं नाव तेच ठेवलं, वय तीन वर्षांनी कमी केलं आणि साल पुढे आणलं. तुमच्या घरच्यांना हे सांगा. कादंबरीतली अद्भुत गोष्ट म्हणजे मुलांचे आत्मे बोलतात ही. पट्टा, पंखा आणि कबरी अद्भुत नाहीत.

गावाबद्दलही थोडं. याच मारियानात ऑक्टोबर १९३४ मध्ये क्लॉड नील या तेवीस वर्षांच्या शेतमजुराला शेजारच्या अलाबामातल्या तुरुंगातून पळवून आणलं, हाल करून मारलं आणि प्रेत कोर्टाच्या आवारातल्या झाडाला टांगलं. आधी वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून बातमी दिली गेली होती, लोक बघायला जमले होते, नंतर फोटो विकले गेले. म्हणून अशा जागी मी 'झुंडबळी' हा शब्द वापरत नाही. झुंड म्हटलं की भडका उडाल्याचं चित्र उभं राहतं. हे जत्रेसारखं आधी सांगून, वेळ ठरवून केलेलं होतं. 'लिंचिंग'च ठेवा. आणि कादंबरीच्या काळानंतर वर्षभराने, १९५१ च्या नाताळच्या रात्री, फ्लोरिडातल्याच मिम्स गावी हॅरी मूर आणि त्यांच्या पत्नी हॅरिएट यांच्या शयनगृहाखाली बाँब फुटला. मतदार नोंदणीचं काम करणारे शिक्षक होते ते. मूर त्याच रात्री गेले, पत्नी नऊ दिवसांनी. शिक्षा कुणालाही झाली नाही. कादंबरीतले मोठे लोक सतत हळू आवाजात का बोलतात, दिवा लवकर का मालवतात, हे अशा बातम्यांच्या उजेडात वाचा.

भाषेचं सर्वात अवघड आणि सर्वात आनंदाचं काम संबोधनाचं आहे. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि तुम्ही ती श्रीमंती वापरायलाच हवी. दक्षिणेत गोरे लोक काळ्या माणसाला 'मिस्टर' किंवा 'मिसेस' म्हणत नसत. साठीच्या माणसाला 'बॉय' म्हणत, म्हाताऱ्या बाईला पहिल्या नावाने हाक मारत. १९६३ साली अलाबामातल्या एका कोर्टात मेरी हॅमिल्टन या चळवळीतल्या तरुणीला सरकारी वकील 'मेरी' म्हणाला. मला मिस हॅमिल्टन म्हणत नाही तोवर उत्तर देणार नाही, असं तिने सांगितलं. न्यायाधीशाने पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. एका संबोधनासाठी! मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. 'अरे' आणि 'अहो' यांच्यामध्ये केवढी दरी असते ते आपण पाळण्यात शिकतो.

म्हणून गोऱ्या दहा वर्षांच्या पोराने काळ्या आजोबांना बेधडक 'तू' म्हणू द्या, आणि आजोबांनी त्याला 'तुम्ही'. वाचक तिथेच अडखळेल, अडखळायलाच हवा. गोरे लोक म्हाताऱ्या काळ्यांना 'अंकल' आणि 'आंटी' म्हणत, त्याचं 'काका', 'मावशी' करू नका. आपल्याकडे परक्याला काका म्हणणं आदराचं आहे. तिथे ते 'मिस्टर' टाळण्यासाठी होतं. तिथे नुसतं नाव आणि 'तू' पुरे.

निवेदनातही निवड करावी लागते, आणि हे इंग्रजी लेखकाला कधी करावंच लागत नाही. 'तो आला' की 'ते आले'? मी ठेवलेला नियम सांगते. काळ्या वस्तीतली वडीलधारी माणसं निवेदनात आदरार्थी बहुवचनात: त्या म्हणाल्या, ते उठले. सुधारगृहाचा प्रमुख, न्यायाधीश, शेरीफ हे मुलाच्या मनातल्या निवेदनात एकवचनी: तो हसला. पण तोच मुलगा तोंडाने बोलतो तेव्हा 'साहेब, तुम्ही'. मनातला 'तो' आणि तोंडावरचा 'तुम्ही' यांतलं अंतर म्हणजे त्या मुलाचं अख्खं आयुष्य. कुठलाही खुलासा न करता ते पानोपानी दिसत राहतं.

बोलीबद्दल माझं मत कडक आहे. काळ्या पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी, मालवणी, किंवा नाटकातली 'ग्रामीण' मराठी घालू नका. बोली आली की तिच्याबरोबर आपला मुलूख आणि आपली जात येते, आणि वाचक नकळत ठरवून टाकतो की ही माणसं अडाणी. ती अडाणी नव्हती. त्यातली कितीतरी बायबल मुखोद्गत असलेली, हिशेब पक्का असलेली, दोन भाषांत जगणारी होती: एक घरची, एक गोऱ्यांसमोरची. तो फरक वाक्याच्या लांबीने दाखवा. घरात वाक्यं लांब, हसरी, एकमेकांना तोडणारी. गोऱ्यांसमोर तीन शब्दांची. 'होय साहेब.' 'माहीत नाही साहेब.' चर्चमधले प्रसंग लिहिताना मात्र मराठी ख्रिस्ती लोकांची भाषा ऐका. पाळक, प्रार्थना, स्तोत्र, उपासना हे शब्द जिवंत आहेत. बायबलमधलं वचन आलं तर स्वतः अनुवाद करू नका, छापील मराठी 'पवित्र शास्त्रा'तूनच घ्या. तेविसावं स्तोत्र अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) चर्चमध्ये जसं म्हणतात तसंच फ्लोरिडातल्या आजीच्या ओठी शोभतं.

शिव्या. त्या काळी 'निग्रो' हा शब्द काळे लोक स्वतःसाठी, सन्मानाने वापरत. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तो राहू द्या. निवेदनात 'काळे' आणि 'गोरे' ठेवा. 'कृष्णवर्णीय' १९५० च्या मुलाच्या डोक्यात येणार नाही. ती दुसरी शिवी, इंग्रजीत जिला नुसतं 'एन-वर्ड' म्हणतात आणि जिच्यावर सगळा खल होतो, तिच्या जागी मराठीतली जातिवाचक शिवी घालायची सूचना तुम्हाला हमखास होईल. 'परिणाम तोच होतो' असं सांगतील. करू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळे अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, दलित पँथरने १९७२ मध्ये नावच तिकडून घेतलं. हे नातं खरं आहे आणि दोन्ही बाजूंनी जाणून जोडलेलं आहे. पण एकाची शिवी दुसऱ्याच्या तोंडी घातली की दोघांचंही दुःख पुसट होतं, आणि इथल्या कुणा वाचकाला ती शिवी पुस्तकातून पुन्हा एकदा खावी लागते. मी 'काळ्या' हा शब्द घेते आणि विष वाक्याच्या उरलेल्या भागात भरते: स्वरात, 'तू'मध्ये, हुकमात. जिथे मूळ शिवीच हवी तिथे ती देवनागरीत तशीच लिहिते. 'वर्णभेद' शब्दही जपून. मराठीत त्याला रंग आणि चातुर्वर्ण्य असे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. 'वंशभेद' बरा.

छोटे खड्डे भराभर सांगते. शेरीफ: मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाचं पद, नामवंत नागरिकाला मिळणारं. तिकडचा शेरीफ निवडून येतो, त्याच्याकडे पोलीसही आणि तुरुंगही. पहिल्याच प्रसंगात त्याच्या कमरेचं पिस्तूल आणि तुरुंगाच्या किल्ल्या दिसू द्या. ग्रिट्स: मक्याच्या कण्या. पोर्च: शहरी मराठीत पोर्चमध्ये गाडी उभी करतात, तेव्हा 'पडवी'. अंगणातलं चायनाबेरीचं झाड म्हणजे आपला बकाण निंब. आशियातून तिकडे गेलेलं झाड आहे, म्हणून इथे मराठी नाव निर्धास्त वापरा. स्पॅनिश मॉस तसंच राहू दे, पण ते झाडावरून राखाडी जटांसारखं लोंबतं हे एकदा येऊ द्या.

शेवटी एक काम सांगते, ते आधी करून बघा. कादंबरीतली कागदपत्रांसारखी भाषा, म्हणजे हुकूम, नोंदी, अधिकाऱ्यांचं बोलणं, बाजूला काढा आणि ती सरकारी मराठीत उतरवा. आपल्या दप्तरी मराठीला कर्ता लपवण्याची सवय आहे: आढळून आले, निदर्शनास आले, कारवाई करण्यात आली. या सवयीचा इथे उपयोग आहे. डोझियरच्या कबरींतून सर्वांत आधी ज्याची ओळख पटली तो जॉर्ज ओवेन स्मिथ, गोरा, चौदा वर्षांचा. १९४० मध्ये शाळेत गेला. काही महिन्यांनी घरी निरोप आला की मुलगा पळून गेला होता, एका घराखाली मेलेला सापडला. आईवडील मारियानाला पोचले तोवर त्याला पुरलेलं होतं; ताज्या मातीचा ढिगारा दाखवला. त्याची बारा वर्षांची बहीण बरोबर होती. ओळख पटली २०१४ मध्ये, तेव्हा ती पंचाऐंशीच्या घरात होती. आता हा निरोप सरकारी मराठीत लिहून पाहा: 'सदर मुलगा पलायन करून एका घराखाली मृतावस्थेत आढळून आला.' आणि त्याखाली तोच मुलगा हेंट होऊन स्वतः सांगतो आहे अशी चार वाक्यं लिहा, बारा-चौदा वर्षांच्या पोराच्या साध्या मराठीत, कर्ता न लपवता: त्यांनी मला मारलं, मी पळालो, मला थंडी वाजत होती, कुणी आलं नाही. त्या मुलाचं खरोखर काय झालं याचा हा दाखला नव्हे, फक्त तुमच्या कानाची तालीम आहे. वरचं वाक्य आणि खालची वाक्यं एकाच पानावर शेजारी शेजारी उभी राहिली की कादंबरीतल्या दोन्ही आवाजांची पट्टी तुम्हाला सापडेल.

ते पान आणि बदलायचे नाहीत त्या शब्दांची यादी माझ्याकडे पाठवा. चाळीस पानं नंतर बघू.